धुतलेली गाडी रंगाला ओरखडे न पडता कशी सुकवावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी कशाने धुवावी याविषयी हवे तेवढे सल्ले मिळतात. धुऊन झाल्यानंतरच्या पंधरा-वीस मिनिटांत काय करावे, याविषयी मात्र फारसे कोणी सांगत नाही. रंगावरचे बारीक ओरखडे आणि पांढरे डाग यांपैकी बरेचसे याच वेळात पडतात. पुढील उत्तरे प्रामुख्याने बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर गाडी धुणाऱ्या, सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा घरासमोर रस्त्यावर गाडी लावणाऱ्या वाचकांसाठी आहेत.

धुतलेली गाडी आपोआप वाळू दिली तर काय बिघडते?

पाणी उडून जाते, पण त्यात विरघळलेले क्षार उडून जात नाहीत. ते रंगावरच राहतात. महाराष्ट्राचा मोठा भाग बेसाल्टच्या काळ्या कातळावर वसलेला आहे आणि या कातळातून उपसलेल्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे प्रमाण बहुधा जास्त असते. ज्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर थर चढतो आणि नळाच्या तोंडाशी पांढरी खपली धरते, तेच पाणी बॉनेटवरही तेच काम करते. बॉनेटवरचा एखादा थेंब वाळताना जवळून पाहावा: तो मधून नव्हे तर कडेने आधी वाळतो, आतले पाणी कडेकडे ओढले जाते आणि क्षार तिथेच साचतात. म्हणून डाग भरीव ठिपक्यासारखा न दिसता पांढऱ्या कड्यासारखा दिसतो.

भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या पाण्यातील एकूण विद्राव्य क्षारांची, म्हणजे टीडीएसची, स्वीकार्य मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास २००० पर्यंत मुभा आहे. समजा तुमच्या पाण्याचा टीडीएस १००० आहे आणि धुतल्यानंतर गाडीवर सगळे मिळून २०० मिलिलिटर पाणी वाळले, तर दर धुण्याला सुमारे २०० मिलिग्रॅम क्षार रंगावर राहतात. एका वेळेचे हे प्रमाण किरकोळ वाटेल, पण आठवड्यातून दोनदा, वर्षभर, तेही उन्हात तापलेल्या पत्र्यावर हे होत राहिले की क्षारांचा थर घट्ट बसतो आणि पुढे त्याखालचा रंगाचा पृष्ठभागही खराब होऊ लागतो.

मग ओरखडे कशाने पडतात? पाण्याने तर पडत नसतील?

पाण्याने पडत नाहीत, आणि बहुतेक वेळा कापडानेही पडत नाहीत. कापड आणि रंग यांच्यामध्ये सापडलेल्या धुळीने पडतात. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात. त्यातले क्वार्ट्झ काचेलाही चरा पाडू शकते, तर गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर काचेहून कितीतरी मऊ असतो. हा थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ३५ ते ५० मायक्रॉन जाडीचा असतो. प्रायमरपासून मोजले तरी कारखान्यातून आलेल्या गाडीवरचा सगळा रंग बहुधा १०० ते १५० मायक्रॉनच्या आतबाहेर, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास भरतो. एवढ्या पातळ थरावर आपण ओले फडके दाबून गोल-गोल फिरवतो आणि मग काळ्या गाडीवर पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे का दिसतात, याचे नवल करतो.

हे ओरखडे पॉलिश करून घालवता येतात, हे खरे आहे; परंतु पॉलिश म्हणजे क्लिअर कोटचाच थोडा भाग घासून काढणे. ते वाटेल तितक्या वेळा करता येत नाही. म्हणून गाडी सुकवताना जे काही करायचे, त्यामागचा हेतू एकच असावा: रंगाला हात कमीत कमी लागावा आणि लागेल तेव्हा मध्ये धूळ नसावी.

धुताना राहिलेली धूळ सुकवताना निघून जाणार नाही का?

ती निघते ती रंगावर घासत जाऊनच. कापडावर मळ दिसू लागला तर सुकवणे तिथेच थांबवावे आणि तो भाग पुन्हा शाम्पूच्या पाण्याने धुऊन घ्यावा. सुकवण्याचे कापड पांढरे किंवा फिक्या रंगाचे घेण्याचा फायदा हाच की मळ लगेच दिसतो.

कोणते कापड घ्यावे?

मायक्रोफायबरचा मोठा, जाड टॉवेल. हे कापड पॉलिस्टर व पॉलिअमाइड यांच्या अतिशय बारीक तंतूंचे असते आणि बाजारात त्याचे प्रमाण ८०:२० किंवा ७०:३० असे लिहिलेले आढळते. पॉलिअमाइडचा वाटा जास्त असलेले कापड सहसा पाणी अधिक शोषते आणि हाताला मऊ लागते. वजन जीएसएममध्ये, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम, असे दिलेले असते. सुकवण्यासाठी दोन प्रकार चांगले. पहिला पिळदार धाग्यांचा, ८०० ते १२०० जीएसएमचा जड टॉवेल. तो एकदा पसरला की बॉनेटवरचे बहुतेक पाणी एका खेपेत उचलतो. दुसरा चौकटी-चौकटीच्या विणीचा, ४०० जीएसएमच्या आसपासचा. तो वजनाला हलका असतो, पिळायला सोपा जातो आणि काचांवर तंतू सोडत नाही. छोट्या गाडीला ६० बाय ९० सेंटिमीटरचा एक जड टॉवेल पुरतो. एसयूव्हीसाठी दोन ठेवावेत. सिग्नलवर मिळणारी डझनभर पातळ मायक्रोफायबर फडकी डॅशबोर्ड पुसायला ठीक आहेत, बॉनेटला नकोत.

कापडाच्या कडा आणि शिवलेले लेबल आधी पाहावे. कडक दोऱ्याची शिवण आणि प्लास्टिकसारखे लेबल यांनीही ओरखडे पडतात. लेबल कातरून टाकावे.

घरात जुना पंचा, टर्किश टॉवेल, बनियन, पिवळे फडके आहे. ते चालणार नाही का?

चाके आणि दारांच्या आतल्या कडा पुसायला चालेल. रंगासाठी नाही. सुती कापड जुने झाले की मऊ होते असे आपण समजतो, पण जड पाण्यात धुऊन उन्हात वाळवलेल्या टर्किश टॉवेलवरून एकदा हाताची पाठ फिरवून पाहावी; त्याचे फासे किती कडक झालेले असतात ते लगेच कळते. शिवाय सुती कापडाचा पृष्ठभाग सपाट असेल तर धुळीच्या कणाला आत शिरायला जागा मिळत नाही आणि तो रंगावरच फरफटत जातो. पिवळ्या फडक्याचीही हीच अडचण आहे. वर्तमानपत्र काचेसाठी वापरायचे असेल तर वापरावे, रंगाला लावू नये.

आणि शॅमॉय, ज्याला दुकानात ‘शॅमी’ म्हणतात?

खरे शॅमॉय मेंढीच्या कातड्याचे असते. डब्यात ओलसर मिळते ते बहुधा पीव्हीएचे कृत्रिम. दोन्ही पाणी उत्तम शोषतात. मात्र दोन्हींचा पृष्ठभाग गुळगुळीत असल्यामुळे धुळीचा एखादा कण राहिला तर तो लपायला त्यात जागा नसते. पूर्ण स्वच्छ धुतलेल्या गाडीवर, न ओढता, नुसते पसरून उचलले तर हरकत नाही. पण एवढी काळजी घ्यायचीच असेल तर तेवढ्याच पैशांत मायक्रोफायबर घेतलेले बरे, असे माझे मत आहे. रबरी किंवा सिलिकॉनच्या पात्याचा वायपर फक्त काचेपुरता ठेवावा. पात्याखाली एक खडा सापडला की दारभर लांब चरा पडतो, आणि तो पॉलिशनेही सहजी जात नाही.

सुकवण्याची योग्य पद्धत कोणती?

सुरुवात कापड हातात घेण्याआधी होते. शेवटचे पाणी मारताना पाइपचे नोझल काढून टाकावे आणि टपावरून पाणी फवाऱ्याऐवजी संथ, अखंड धारेने सोडावे. फवाऱ्याने थेंब तयार होतात. अखंड धारेचे पाणी एकसंध पडद्यासारखे खाली सरकते आणि जाताना वाटेतले थेंबही सोबत नेते. काचा, बॉनेट, डिकी आणि दारे अशा क्रमाने हे केले की पुसण्यासाठी फारच थोडे पाणी उरते. पाइप नसेल तर बागेची झारी किंवा तांब्या चालेल; बादलीतून भसकन पाणी फेकू नये.

त्यानंतर टॉवेल किंचित ओलसर करून घट्ट पिळावा, कारण पूर्ण कोरे मायक्रोफायबर पहिल्या हाताला पाणी नीट धरत नाही. टपावर आणि बॉनेटवर तो पूर्ण उघडून पसरावा, वरून तळहाताने हलकेच थोपटावे आणि उचलावा. ओढायचाच असेल तर दोन टोके धरून स्वतःच्या वजनाने, दाब न देता, सरळ रेषेत आपल्याकडे ओढावा. दारांसाठी टॉवेलची चौपदरी घडी घालावी. उलटसुलट करत तिच्या आठ स्वच्छ बाजू मिळतात. एक बाजू ओली झाली की पुढची. गोल-गोल फिरवू नये. सरळ ओढल्याने ओरखडे पडतच नाहीत असे नाही, पण पडलाच तर तो एका दिशेचा असतो आणि कमी दिसतो.

क्रम वरून खाली असावा. दारांचा खालचा तिसरा भाग, बंपरचा खालचा भाग आणि मडगार्डच्या कडा यांवर रस्त्याचा चिखल सर्वाधिक उडतो, म्हणून त्या शेवटी आणि वेगळ्या कापडाने. दोन दारांमधले चकचकीत काळे खांब आणि प्लास्टिकचे हेडलाइट रंगापेक्षाही लवकर ओरखडतात. तिथे फक्त टिपावे. टॉवेल जमिनीवर पडला तर तो त्या दिवसापुरता बाद समजावा, मग तो कितीही स्वच्छ दिसो.

पुसून झाल्यावरही आरशांच्या खाचा, दारांच्या मुठी, पेट्रोलचे झाकण, नंबर प्लेट आणि मागचे दिवे यांतून पाणी ओघळत राहते. दारे आणि डिकी एकदा उघडून कडा टिपाव्यात, पाच मिनिटे थांबावे आणि उतरलेले ओघळ पुन्हा टिपावेत.

टॉवेलसोबत एखादा स्प्रे मारावा का?

फायद्याचे आहे. पातळ वॅक्सचा किंवा ‘क्विक डिटेलर’ म्हणून मिळणारा स्प्रे ओल्या पत्र्यावर एक-दोनदा मारला की कापड घसरते आणि घर्षण कमी होते. भांड्यांचा साबण किंवा घरातले तेल पाण्यात मिसळून मारण्याचे उपाय करू नयेत.

आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी साठवून त्याने गाडी धुतो. पाण्याची बचत होते. त्यात काही चूक आहे का?

बचतीचा हेतू चांगला आहे, पण गाडीसाठी हे पाणी वाईट. आरओच्या पडद्याने अडवलेले क्षार याच पाण्यातून बाहेर टाकले जातात. यंत्रात शिरलेले निम्मे पाणी शुद्ध होऊन निम्मे बाहेर पडत असेल, तर बाहेर पडणाऱ्या पाण्यातील क्षार मूळच्या जवळजवळ दुप्पट होतात. फरशी पुसायला, संडासात टाकायला, पार्किंग धुवायला ते वापरावे. गाडीवरचा चिखल भिजवायला वापरलेच तर शेवटचे पाणी तरी दुसरे घ्यावे.

याउलट एसीच्या नळीतून गळणारे पाणी हवेतल्या बाष्पाचे असल्यामुळे त्यात क्षार जवळजवळ नसतात. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत एका रात्रीत बादलीत बरेच जमते. कॉइलवरची धूळ त्यात उतरते, म्हणून मलमलीच्या कापडातून गाळून झारीने शेवटचे पाणी म्हणून सोडावे. हे पाणी वाळले तरी डाग फारसे राहत नाहीत. स्वच्छ जागी धरलेले पावसाचे पाणीही असेच उपयोगी. वॉटर सॉफ्टनर बसवलेल्या सोसायट्यांनी मात्र एक लक्षात घ्यावे: सॉफ्टनर कॅल्शियमच्या जागी सोडियम सोडतो, क्षार नाहीसे करत नाही. डाग पडतात, ते ओल्या कापडाने लवकर निघतात, एवढाच फरक.

ब्लोअर घ्यावा का? गॅरेजमध्ये हवेच्या पाइपने सुकवतात, ते बरोबर आहे का?

हात न लावता सुकवणे हा तत्त्वतः सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. तरीही संपूर्ण गाडी ब्लोअरने सुकवायला वेळ लागतो आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तोवर अर्धे थेंब वाळून डाग पडलेले असतात. त्याचा खरा उपयोग ग्रिल, आरसे, चाकांचे नट आणि दिव्यांच्या फटी यांतले पाणी बाहेर काढण्यासाठी होतो. वापरण्याआधी तो हवा जिथून ओढतो ती जाळी स्वच्छ करावी आणि जमिनीकडे तोंड करू नये, नाहीतर पार्किंगमधली धूळ उडून ओल्या रंगावर बसते. गॅरेजच्या कॉम्प्रेसरच्या हवेत तेलाचे आणि पाण्याचे बारीक कण असू शकतात. फिल्टर नसेल तर रंगावर ती मारून घेऊ नये.

सोसायटीत गाडी धुणारे काका रोज पहाटे फडके मारून जातात. त्यांना काय सांगावे?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न बहुधा हाच आहे. महिन्याच्या ठरावीक पैशांत एक बादली, एक फडके आणि रांगेत वीस-पंचवीस गाड्या अशी ही व्यवस्था असते. तिसऱ्या गाडीपर्यंत बादलीतले पाणी गढूळ होते आणि त्यापुढची प्रत्येक गाडी आधीच्या गाड्यांच्या धुळीनेच पुसली जाते. यात त्या माणसाचा दोष फारसा नाही. एवढ्या वेळात आणि एवढ्या पैशांत दुसरे काही होणे शक्य नाही. लिफ्टजवळचा एकमेव नळ सुटेपर्यंत त्याला वाट पाहावी लागते, हे अनेक गाडीमालकांना ठाऊकही नसते.

म्हणून भांडण्यापेक्षा व्यवस्था बदलावी. रोजचे फडके बंद करावे आणि त्याच पैशांत आठवड्यातून एकदा किंवा दोनदा व्यवस्थित धुणे ठरवावे. ‘काका, रोज नको, रविवारी आणि बुधवारीच धुवा, पण आधी भरपूर पाणी मारून मगच हात लावा’, असे स्पष्ट सांगितले तर बहुतेक जण आनंदाने मान्य करतात, कारण त्यांचेही काम हलके होते. दोन टॉवेल तुम्ही द्यावेत, एक वरच्या भागासाठी आणि एक खालच्या भागासाठी, वेगवेगळ्या रंगांचे. ते घरी धुऊन तुम्हीच परत द्यावेत. मधल्या दिवसांत गाडीवर धूळ दिसली तर दिसू द्यावी. बसलेली धूळ रंगाला काही करत नाही, पुसलेली धूळ करते. कापडी झाडूने किंवा मेणाच्या डस्टरने कोरडी धूळ झटकणेही यातच आले.

गाडी कधी धुवावी?

पत्रा हाताला गार लागेल तेव्हा. म्हणजे उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी. प्रवासाहून आल्या आल्या धुऊ नये, कारण बॉनेट इंजिनामुळे तापलेले असते. उन्हातच धुण्यावाचून गत्यंतर नसेल तर संपूर्ण गाडी एकदम न भिजवता एकेक भाग धुऊन लगेच सुकवावा.

पाणीटंचाईत पाइपच नसेल तर?

कोरड्या फडक्याकडे वळू नये. ‘रिन्सलेस वॉश’ नावाचे द्रावण बादलीभर पाण्यात मिसळून, प्रत्येक भागाला स्वच्छ कापड वापरून गाडी धुता येते आणि नंतर वेगळे पाणी मारावे लागत नाही. तो-तो भाग ओला असतानाच सुकवायचा असतो. चिखलाने माखलेल्या गाडीला ही पद्धत चालत नाही.

गाडीला सिरॅमिक कोटिंग केले आहे. तरीही पुसावी लागते का?

लागते. कोटिंगवर पाण्याचे गोल, टपोरे थेंब उभे राहतात आणि ते बघायला छान वाटतात, पण त्या एकेका थेंबातले क्षार छोट्याशा जागेत एकवटतात. त्यामुळे न पुसल्यास डाग उलट ठळक पडतात. फायदा असा की अखंड धारेने बहुतेक पाणी आपोआप निघून जाते. पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म, लावलेल्या गाडीवरचे बारीक ओरखडे उष्णतेने भरून येऊ शकतात, परंतु खाली धूळ असताना घासण्याचा तो परवाना नव्हे. मॅट रंगाच्या गाडीला घासणे आणि पॉलिश दोन्ही वर्ज्य. घासलेली जागा चकाकू लागते आणि ती पुन्हा मॅट होत नाही. तिथे नुसते टिपावे.

पांढरे डाग आधीच पडले आहेत. ते कसे काढावेत?

ताजे असतील तर साध्या धुण्याने निघतात. न निघाल्यास पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन, सावलीत, गार पत्र्यावर, त्यात भिजवलेले मायक्रोफायबर डागावर मिनिटभर ठेवावे, हलकेच टिपावे आणि भरपूर पाण्याने धुऊन कोरडे करावे. व्हिनेगर आम्लधर्मी असल्यामुळे चुन्यासारखा थर विरघळतो. संडास साफ करण्याचे आम्ल कोणत्याही परिस्थितीत वापरू नये. अलॉय चाकांवर ते मारणारे लोक आहेत आणि त्या चाकांचे काय होते, तेही दिसते. व्हिनेगरनंतरही कडे दिसत राहिले तर क्षार गेले असून खालचा क्लिअर कोट कोरला गेला आहे, असे समजावे. मग पॉलिशवाचून उपाय नाही. जुन्या, क्लिअर कोट नसलेल्या एकथरी रंगाच्या गाडीवर पॉलिश करताना कापडाला गाडीचाच रंग लागतो. तिथे आणखी जपून.

गुलाल, दसऱ्याचे हार, कोकणातला लाल चिखल यांचे काय?

विसर्जन मिरवणुकीत उडालेला गुलाल फडक्याने झटकू नये आणि ओल्या हातानेही पुसू नये. आधी भरपूर पाण्याने वाहून जाऊ द्यावा, मग शाम्पू. कोकण-गोव्याकडच्या लाल मातीचेही असेच: ती भिजायला पाच-दहा मिनिटे द्यावीत आणि चाकांच्या वरच्या कमानीच्या आतून पाणी मारावे, नाहीतर सुकवताना तिथूनच लाल ओघळ उतरतात. दसऱ्याला गाडी धुऊन लगेच पूजा करण्याची घाई असते. बॉनेट पूर्ण कोरडे झाल्याशिवाय कुंकू लावू नये, कारण ओल्या रंगावर ते पसरते आणि फटींत उतरते. झेंडूचा हार सुती दोऱ्याने बांधावा. तारेत ओवलेला हार गाडी चालताना ग्रिलवर घासत राहतो.

टॉवेल कसे धुवावेत?

सौम्य द्रवरूप डिटर्जंटमध्ये, इतर कपड्यांपासून वेगळे, थंड किंवा कोमट पाण्यात. कपडे मऊ करणारे कंडिशनर तंतूंवर थर धरते आणि टॉवेल पाणी शोषायचे बंद करतो, ब्लीचही नको. सावलीत वाळवून, घडी घालून, झाकणाच्या डब्यात ठेवावेत. डिकीत उघडे टाकलेले टॉवेल पुढच्या वेळी धूळ घेऊनच बाहेर येतात. चाकांना वापरलेला टॉवेल पुन्हा रंगाकडे आणू नये, म्हणून त्याचा एक कोपरा कातरून खूण करावी.

सुकवल्यावर गाडी लगेच लावून ठेवावी का?

एक छोटी फेरी मारून यावे आणि वाटेत ब्रेक दोन-चारदा हलकेच दाबावा. ओल्या डिस्कवर काही तासांतच तांबूस गंज दिसू लागतो. तो पहिल्या काही ब्रेकमध्ये निघून जातो आणि काळजीचा नसतो. मात्र मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतील आणि गाडी हँडब्रेक ओढून दिवसेंदिवस उभी राहणार असेल, तर ओले लायनिंग ड्रमला चिकटू शकते. सपाट जागी अशी गाडी गिअरमध्ये ठेवून, चाकाला लाकडी ठोकळा लावून, हँडब्रेक सोडून उभी करावी.